नकाशा बिघडला, तर आधी बांधावर चला



या अंकात आम्ही कॉम्प्युटरवरच्या नकाशाबद्दल लिहितोय. काही जुने साथी म्हणतील, पोरांना आता दुसरं काम उरलं नाही काय? पण वाचा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाड्यावर बसून वाचून दाखवा. कारण ज्या जमिनीसाठी आपल्या आजा-पणजांनी फॉरेस्टवाल्यांच्या काठ्या खाल्ल्या, बैल-औतं जप्त करून घेतली, ती जमीन आता एका फाइलमध्येपण आहे. फाइल बिघडली तर दावा अडतो. आणि फाइल बिघडली हे आपल्याला कळलंच नाही, तर दुसरा कोणी सांगेल ती हद्द आपली हद्द होऊन बसते.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

मागच्या उन्हाळ्यात एका गावाचे वनहक्काचे दावे घेऊन आम्ही कचेरीत गेलो. सगळ्या प्लॉटचे नकाशे पेनड्राइव्हमध्ये होते. तिथल्या माणसाने पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाला, "तुमची फाइल उघडत नाही." आम्ही चिडलो. मुद्दाम अडवतात, असं मोठ्याने बोललो. दोन म्हातारे दावेदार सोबत होते, ते गपचूप बाहेर जाऊन बसले. घरी येऊन बघितलं तर चूक आमची होती. नकाशाच्या चार फाइलींपैकी आम्ही एकच नेली होती.

कचेरी कधी मुद्दाम अडवत नाही असं आमचं म्हणणं नाही. ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण आपली चूक आपण आधी शोधली नाही, तर तिची खरी अडवणूक दाखवून द्यायला आपल्याकडे तोंड राहत नाही. म्हणून वर्षभरात आम्हाला कुठे कुठे ठेच लागली ते इथे मांडतो. आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं-पोरी. कोणी इंजिनिअर नाही. आम्ही शिकलो तसं कोणालाही शिकता येईल.

फाइल उघडत नाही, तेव्हा

आपण जो प्रोग्राम वापरतो त्याचं नाव क्यूजीआयएस. तो फुकट मिळतो आणि नेट नसतानाही चालतो. त्यात नकाशे बहुतेक वेळा शेपफाइल नावाच्या प्रकारात असतात. नाव एक असलं तरी ती एक फाइल नाही. शेवटी एसएचपी असलेल्या फाइलीत प्लॉटचा आकार असतो. एसएचएक्समध्ये त्या आकाराची अनुक्रमणिका. डीबीएफमध्ये दावेदाराचं नाव, दावा नंबर, क्षेत्र असा तक्ता. पीआरजेमध्ये हा आकार पृथ्वीवर कुठल्या मापाने बसवायचा ते. गाडीची दोन्ही चाकं, जू आणि साटा सगळं एकत्र असेल तरच गाडी चालते. तसंच हे आहे. चारही एकाच नावाने, एकाच फोल्डरमध्ये हव्यात. एकीचं नाव बदललं तर सगळ्यांचं बदला.

दुसरी ठेच. आम्ही क्यूजीआयएसची प्रोजेक्ट फाइल नेली आणि वाटलं, सगळं आलं. प्रोजेक्ट फाइलीत नकाशा नसतोच. नकाशा कुठे ठेवलाय त्याचा फक्त पत्ता असतो, आणि रंग कोणता द्यायचा ते असतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो पत्ता सापडत नाही आणि पडदा रिकामा राहतो. उपाय सोपा आहे: प्रोजेक्ट आणि सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि तो अख्खा फोल्डर उचला.

तिसरी ठेच जास्त लागली. एका साथीने दिवसभर बसून प्लॉट काढले, ते तात्पुरत्या लेयरवर. तात्पुरती लेयर प्रोग्राम बंद केला की जाते. बंद करताना प्रोग्राम विचारतो, पण संध्याकाळी लाइट जायच्या घाईत कोण वाचतो? दिवसाचं काम गेलं. आता आमचा नियम असा की पहिला प्लॉट काढायच्या आधी लेयर सेव्ह करायची.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

नकाशा उघडला, प्लॉट दिसले, पण दावेदाराच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, नाहीतर कीडमुंगीसारखी अक्षरं. ही मराठीची अडचण आहे आणि तिची कारणं दोन-तीन आहेत.

एक, यादी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठीचा मुखवटा. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर मुखवटा उतरतो. म्हणून यादी युनिकोडमध्येच टाइप करायची. दोन, फाइल कुठल्या लिपी-पद्धतीत जतन केली ते प्रोग्रामला कळत नाही. जतन करताना यूटीएफ-8 निवडायचं, आणि शेपफाइलसोबत सीपीजी नावाची छोटी फाइल तयार झाली तर तीपण सोबत न्यायची. तीन, शेपफाइलच्या तक्त्यात रकान्याच्या नावाला फक्त दहा इंग्रजी अक्षरांइतकी जागा असते. मराठीचं एक अक्षर तिथे तिघांची जागा खातं. म्हणजे 'दावेदाराचे नाव' लिहिलं तर सुरुवातीचा तुकडाच उरतो.

या कटकटीतून सुटायचं तर जिओपॅकेज या प्रकारात नकाशा ठेवा. त्याची एकच फाइल असते, मराठी नीट राहते, रकान्याचं नाव कापलं जात नाही. मात्र प्रोग्राम चालू असताना ती कॉपी करू नका. आधी बंद करा, मग कॉपी.

आणखी एक गंमत, जी गंमत नाही. दावा नंबर 5/12 आपण हिशेबाच्या तक्त्यात टाकला की तक्ता त्याला तारीख समजतो आणि 5 डिसेंबर नाहीतर 12 मे करून टाकतो. 0012 लिहिलं तर पुढची दोन शून्यं खातो. एका ठिकाणी १२ आणि दुसऱ्या ठिकाणी 12 लिहिलं, तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे नंबर. मग नकाशा आणि यादी जुळत नाही आणि कोणीतरी म्हणतं, "हा दावेदार नकाशात नाहीच." माणूस जिवंत, शेत पेरलेलं, आणि कागदावर नाही! उपाय असा की तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवायचा, सगळीकडे एकाच प्रकारचे आकडे लिहायचे, आणि जुळवणी नावावरून नाही तर दावा नंबरावरून करायची. आपल्या नावांचं शाळेत एक, रेशनकार्डावर दुसरं आणि मतदार यादीत तिसरं होतं हे काय सांगायला पाहिजे?

शेत समुद्रात गेलं, तेव्हा

आपला सातपुड्याचा भाग साधारण 21 ते 22 अक्षांश आणि 74 रेखांशाच्या आसपास आहे. प्रोग्राममध्ये एक्सच्या जागी रेखांश आणि वायच्या जागी अक्षांश लागतो. आपण बोलताना आधी अक्षांश बोलतो, म्हणून उलटं भरलं जातं. आमच्या एका गावाचे सगळे प्लॉट असेच नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडले. तेव्हा आम्ही हसलो. इतकी मोठी चूक लगेच दिसते, म्हणून ती बरी. न दिसणारी चूक घात करते.

जसं की जीपीएस यंत्राने 21 अंश 40 मिनिटं दाखवलं आणि आपण वहीत 21.40 लिहिलं. एका अंशात 60 मिनिटं असतात. म्हणून 40 मिनिटं म्हणजे 21.667. फरक किती? सुमारे 30 किलोमीटर. डोंगरातलं शेत तापीच्या पलीकडे सपाटीवर गेलं. यंत्राची सेटिंग आधीच दशांश अंशावर लावून ठेवा आणि वहीत पहिल्या ओळीत तसं लिहा.

दुसरं, मापाची पद्धत. अंशात मोजलेला नकाशा मीटरमध्ये आणायला आपल्या बाजूला 43 उत्तर हा पट्टा लागतो, त्याचा कोड 32643. हा पट्टा 72 ते 78 रेखांशापर्यंत. गडचिरोलीकडच्या साथींना 44 उत्तर लागतो, कोड 32644. आपल्या नकाशाला चुकून 32644 ची चिठ्ठी लावली, तर शेत सातपुड्यातून उचलून सहाशे किलोमीटर पूर्वेला, बालाघाटच्या बाजूला जातं. इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. प्रोग्राममध्ये लेयरची पद्धत ठरवणं वेगळं आणि लेयर दुसऱ्या पद्धतीत बदलून नवी जतन करणं वेगळं. पहिलं म्हणजे पोत्यावरची चिठ्ठी बदलणं. दुसरं म्हणजे धान्य दुसऱ्या पोत्यात ओतणं. ज्वारीच्या पोत्यावर मक्याची चिठ्ठी लावून आत मका होत नाही.

आणि क्षेत्र शून्य येतं तेव्हा घाबरू नका. अंशातल्या नकाशावर क्षेत्र काढलं तर उत्तर चौरस अंशात येतं. दोन हेक्टरचं शेत म्हणजे 0.0000017 च्या आसपास. रकान्यात तीनच दशांश ठेवले असतील तर 0.000 दिसतं. शेत शून्य नाही, माप चुकलंय. नकाशा मीटरमध्ये आणा, मग मोजा.

हिरवी खूण म्हणजे खरं नाही

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

आमच्या भागातल्या एका मावशीचं शेत आम्ही मोजलं. उताराचं शेत, एका बाजूला नाला, वर मोहाची दोन झाडं. नवरा वारलेला. बांधावर फिरून 14 बिंदू घेतले. कॉम्प्युटरवर प्लॉट केला तर क्षेत्र आलं 0.38 हेक्टर, म्हणजे एक एकरसुद्धा नाही. मावशी म्हणाल्या, "तीन एकर आहे. किती बी पडतं ते मला ठाऊक, तुमच्या डब्याला काय ठाऊक?"

आम्ही बघितलं तर आकार सुतळीच्या गुंत्यासारखा. प्रोग्रामने तपासणीत सांगितलं, आकार स्वतःलाच छेदतो. मग आम्ही दुरुस्तीचं बटण दाबलं. प्रोग्रामने गुंता सोडवला, चार-पाच तुकडे केले, पुन्हा तपासलं तर चूक एकही नाही. हिरवी खूण आली. आम्हाला वाटलं, झालं. क्षेत्र थोडं वाढलं होतं, पण तीन एकर नव्हतंच. तरीही आमच्यातला एक म्हणाला, मशीन सांगतं तेवढं घ्या, मावशींचा अंदाज चुकत असेल.

हे वाक्य आम्ही आजही विसरलो नाही. कारण हेच वाक्य आपण आजवर समोरच्या टेबलावरून ऐकत आलो, आणि त्या दिवशी ते आपल्याच तोंडून निघालं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मावशींसोबत परत बांधावर गेलो. पहिला बिंदू नाल्याच्या वळणावर, दुसरा दगडाच्या उतरंडीपाशी, तिसरा मोहाखाली. फिरता फिरता चूक सापडली. बिंदूंना आम्ही 1, 2, 3 अशी नावं दिली होती आणि तो रकाना मजकुराचा होता. मजकूर म्हणून लावले की कॉम्प्युटर 1 नंतर 10 घेतो, मग 11, 12, 13, 14 आणि मग 2. म्हणजे आपण बांधाने चाललो, आणि तो शेतातून आडवातिडवा पळाला! बिंदूंना 01, 02, 03 अशी नावं दिली आणि पुन्हा आकार केला. क्षेत्र आलं 1.21 हेक्टर. तीन एकर. मावशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

साथींनो, दुरुस्तीचं बटण आकार नीट करतं. शेत कुठलं, बांध कुठला, हे त्याला कळत नाही. ते बटण वाईट नाही, पण ते दाबायच्या आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि दाबल्यावर क्षेत्र किती बदललं ते बघा. बदललं असेल तर उत्तर पडद्यावर शोधू नका, बांधावर जा.

तसंच दोन भावांच्या शेतांचं. दोघांचे प्लॉट वेगवेगळ्या दिवशी मोजले की मधला बांध दोनदा येतो आणि थोडी पट्टी एकमेकांवर चढते. नकाशात ती लाल दिसते आणि कोणी लगेच लिहितं, "वादग्रस्त". वाद कसला? मोबाइलचं जीपीएस उघड्या आभाळाखालीही पाच मीटर इकडे-तिकडे होतं, दाट झाडीत आणि दरीत त्याहून जास्त. सामायिक बांध दोघांनी मिळून एकदाच चालायचा आणि तीच रेघ दोन्ही प्लॉटना वापरायची. खरोखर वाद असेल तर तो वनहक्क समितीसमोर, पाच माणसांत बसून मिटवायचा. माऊसने रेघ सरकवून भावाभावांतला वाद मिटत नाही, वाढतो.

लहान शेताला हे पाच मीटर किती महाग पडतात बघा. एक एकराचं चौकोनी शेत, 40 गुंठे, बाजू साधारण 64 मीटर. चारही बाजू पाच-पाच मीटर आत सरकल्या तर उरतात 28 गुंठे. म्हणून कोपऱ्यावर दोन मिनिटं थांबा, यंत्र स्थिर होऊ द्या, आणि जमेल तर सागाची पानं गळालेली असताना मोजा.

कायदा काय म्हणतो

नकाशा करणं हे साहेबाचं काम आणि आपण फक्त सही करायची, असं बऱ्याच गावांत अजून वाटतं. वनहक्क कायदा 2006 चं कलम 6 वाचा. दावे घेणं, तपासणं आणि प्रत्येक दाव्याचं क्षेत्र दाखवणारा नकाशा तयार करणं हा ग्रामसभेचा अधिकार आहे. वन आणि महसूल विभागाचे नकाशे ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे, ते 2008 च्या नियमांत लिहिलंय. 2012 च्या दुरुस्तीत नियम 12अ आला. तो सांगतो की उपग्रहाचं चित्र आणि तसलं तंत्रज्ञान पुराव्याला जोड म्हणून चालेल, पण दुसऱ्या पुराव्यांची जागा ते घेणार नाही. म्हणजे 2005 सालच्या चित्रात मोहाच्या सावलीतलं शेत जंगलासारखं दिसलं, म्हणून दावा खोटा ठरत नाही. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, जुनी ताल, विहीर, दंडाच्या पावत्या हे पुरावे आहेतच. आणि शिफारस अपुरी वाटली तर दावा फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडे परत पाठवायचा, हेही त्याच नियमात आहे.

हे सगळं का सांगतो? फेब्रुवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवायचा आदेश दिला होता. त्याच महिन्यात त्याला स्थगिती मिळाली म्हणून श्वास घेतला. 'फेटाळला' या एका शब्दाचा अर्थ काय होतो ते तेव्हा कळलं. उलटा पडलेला अक्षांश, हरवलेली एक फाइल, तारीख झालेला दावा नंबर, यातल्या कशानेही कोणाच्या नावापुढे तो शब्द लागता कामा नये.

ग्रामसभांना आमचं म्हणणं

एक, गावाचा नकाशा गावाकडे राहिला पाहिजे. तीन प्रती ठेवा: एक ग्रामसभेच्या दप्तरात, एक समितीच्या सचिवाकडे, एक दुसऱ्या गावातल्या साथीकडे. आणि बिंदूंची हाताने लिहिलेली वही सांभाळा. पेनड्राइव्ह पाण्यात पडला तरी वहीवरून नकाशा पुन्हा होतो. वहीशिवाय नकाशाची चूक सापडत नाही, हे मावशींच्या शेतात शिकलो.

दोन, फाइलला गावाचं नाव आणि तारीख द्या. 'फायनल', 'फायनल 2', 'खरं फायनल' अशी नावं देऊ नका. आम्ही दिली आणि जुनाच नकाशा जमा करून आलो.

तीन, जमा करायच्या आधी ग्रामसभेत प्रत्येक दाव्याचं नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा मोठ्याने वाचा. चूक पकडायला बाया-माणसांच्या कानांइतकी चांगली तपासणी आम्हाला कुठल्याच प्रोग्राममध्ये सापडली नाही.

चार, कचेरीत फाइली दिल्या की फाइलींची यादी लिहून पोच घ्या. 'उघडत नाही', 'जुळत नाही' म्हणाले तर काय जुळत नाही ते लेखी मागा. लेखी मिळालं तर दुरुस्ती करता येते. तोंडी मिळालं तर फक्त हेलपाटे.

पाच, दर गावातून दोघांनी हे शिकायचं, आणि त्यात एक पोरगी हवीच. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो, मग नकाशा एकट्या पोरांच्या हातात कशाला?

पुढच्या महिन्याच्या बैठकीला आपापल्या गावाचा पेनड्राइव्ह आणि बिंदूंची वही घेऊन या. जुना लॅपटॉप आम्ही आणतो. एकेक फाइल उघडून बघू. जी उघडणार नाही तिची वही काढू. आणि वहीत मेळ बसला नाही, तर दुपारच्या भाकरीनंतर सगळे मिळून त्या शेताच्या बांधावर जाऊ.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!